पीएचडी म्हणजे फक्त प्राध्यापकी नव्हे : धोरण संशोधनातल्या वाटा



दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं-बोललं जातं. पीएचडीनंतर काय, यावर मराठीत फारच कमी. आणि त्यावर प्राथमिकच्या बाईंनी काय लिहायचं, असं कुणाला वाटलं तर तेही बरोबरच आहे. माझं स्वतःचं शिक्षण डी.एड. पण ज्या घरात पहिलीच पिढी शिकते, त्या घरातली माणसं सल्ला विचारायला विद्यापीठात जात नाहीत. ती ओळखीच्या शिक्षकाकडे येतात. मूल चौथीत असताना ज्यांनी शिकवलं, त्यांनाच एम.एस्सी. झाल्यावरही विचारतात. त्यामुळे याची माहिती आपल्याला असायला हवी, असं मला वाटतं.

वर्सोव्यातल्या एका आईने मला विचारलेला प्रश्न तिच्याच शब्दांत सांगते. "बाई, पोरगी म्हणते पीएचडी करीन. म्हणजे कॉलेजात शिकवणार ना? पण आमच्या शेजारचा पीएचडी झालाय, तो अजून तासावरच शिकवतोय. मग हिने इतकी वर्षं कशाला घालवायची?"

या प्रश्नात दोन समजुती आहेत. एक, पीएचडी म्हणजे प्राध्यापकीची पायरी. दोन, ती नोकरी मिळाली नाही तर सगळी वर्षं वाया. दुसरी भीती खोटी नाही. तासिका तत्त्वावर राबणारे नेट-सेट आणि पीएचडी झालेले तरुण आपण आजूबाजूला पाहतो. पण पहिली समजूत अर्धवट आहे. पीएचडीनंतर कॉलेजबाहेरही कामं आहेत आणि त्यातलं एक महत्त्वाचं काम म्हणजे सार्वजनिक धोरणासाठी संशोधन करणं. आज त्याबद्दलच बोलू.

धोरण संशोधन म्हणजे नेमकं काय?

व्याख्या नंतर बघू. आधी पापलेट घेऊ.

बाजारात तळहाताएवढंही नसलेलं पापलेट तुम्ही पाहिलं असेल. ते पिल्लू असतं. एकदाही अंडी न घालता ते जाळ्यात आलं, तर पुढच्या वर्षीचे मासे येणार कुठून? कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना हे पुस्तक न वाचता कळतं. पण सरकारला नियम करायचा असेल तर "लहान मासा पकडू नका" एवढं सांगून भागत नाही. लहान म्हणजे किती लहान? कोणत्या जातीचा? बोंबलाला आणि सुरमईला एकच माप लावायचं का? आणि ते माप कशावरून ठरवलं, असं कोर्टात कुणी विचारलं तर?

इथे संशोधक लागतो. बंदरावर उतरणाऱ्या माशांचे नमुने तो महिनोन्‌महिने गोळा करतो. लांबी मोजतो, वजन करतो, अंडाशय तपासतो. त्या जातीतले निम्मे मासे कितव्या मिलिमीटरला अंडी घालण्याजोगे होतात, ते आकडेमोडीने काढतो. अशा अभ्यासाच्या आधारावर पकडण्याजोग्या माशाची किमान लांबी सुचवता येते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (तिचं मुंबई केंद्र आपल्या वर्सोव्यातच, सात बंगल्याच्या बाजूला आहे) असा अभ्यास करून शिफारशी केल्या. त्यावरून २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिलं. रुपेरी पापलेटासाठी १३५ मिलिमीटर आणि बोंबलासाठी १८० मिलिमीटर. केरळने हे पाऊल आपल्याआधी, २०१५ मध्ये उचललं होतं. त्याच २०२३ साली रुपेरी पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला.

आता व्याख्या सोपी झाली. समाजाला पडलेल्या एखाद्या प्रश्नावर पुरावा गोळा करायचा आणि निर्णय घेणाऱ्याला वापरता येईल अशा रूपात तो मांडायचा, याला धोरण संशोधन म्हणतात. पाणी, शाळा, दवाखाने, लोकल गाड्या, वीजदर, पीकविमा, कचरा, प्रत्येक विषयात हे काम असतं.

प्रबंध आणि धोरण यांच्यात फरक काय?

पीएचडीचा प्रबंध कोण वाचतं? मार्गदर्शक, परीक्षक आणि त्या विषयातले काही अभ्यासक. तो कित्येक पानांचा असतो, कारण प्रत्येक विधानाला आधार द्यावा लागतो. धोरणाच्या कामात वाचणारा माणूस वेगळा असतो. सचिवाच्या टेबलावर दिवसाला अनेक फायली येतात. त्याला चार पानांत हवं असतं : प्रश्न काय, पुरावा काय, पर्याय कोणते, प्रत्येकाचा खर्च किती, आणि कुणाचं नुकसान होईल.

यातला शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. किमान मापाचा नियम कागदावर छान दिसतो. पण डोल जाळ्यात मासे निवडून येत नाहीत, भरतीच्या पाण्याबरोबर जे येतं ते येतं. मग लहान पिल्लं आली तर खलाशाने काय करायचं? जाळ्याच्या आसाचा आकार वाढवायचा का? नवं जाळं घ्यायला पैसे कोण देणार? बाजारात टोपली घेऊन बसलेल्या मावशीला दंड करायचा की मोठ्या बोटीच्या मालकाला? प्रयोगशाळेत बसून या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. त्यासाठी धक्क्यावर जावं लागतं, माणसांशी बोलावं लागतं.

दुसरं म्हणजे वेळ. धोरणाचं काम सरळ रेषेत चालत नाही. पर्ससीन जाळ्यांचंच बघा. भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्थेचे माजी महासंचालक डॉ. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. निर्बंधांची अधिसूचना निघाली ५ फेब्रुवारी २०१६ रोजी. मधली वर्षं चर्चा, विरोध, मोर्चे, बैठका यांत गेली. त्यानंतरही वाद संपले नाहीत. या क्षेत्रात येणाऱ्याला एवढा धीर लागतो. आज अहवाल दिला आणि उद्या कायदा झाला, असं सहसा होत नाही.

ही वाट नवी नाही

आपल्याला वाटतं की हे सगळं अलीकडचं फॅड आहे. तसं नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण बघा. कोलंबिया विद्यापीठातला त्यांचा पीएचडीचा अभ्यास ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवर होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता, तो १९२३ साली पुस्तकरूपाने आला. पुढे चलनव्यवस्थेचा विचार करायला हिल्टन यंग आयोग आला, तेव्हा १९२५ मध्ये बाबासाहेबांनी त्याच्यासमोर साक्ष दिली. प्रबंधातला अभ्यास थेट निर्णयाच्या टेबलावर नेला.

आपल्या शिक्षणक्षेत्रातलं उदाहरण तर रोजच्या ओळखीचं आहे. 'असर'चा अहवाल आला की आपल्या शाळांमध्ये चर्चा सुरू होते. पाचवीच्या किती मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, भागाकार किती जणांना येतो, हे घरोघरी जाऊन तपासणारं हे सर्वेक्षण २००५ साली सुरू झालं. ते करणाऱ्या 'प्रथम' संस्थेची सुरुवात १९९०च्या दशकात मुंबईतल्या वस्त्यांमधून झाली. तिचे एक संस्थापक डॉ. माधव चव्हाण यांची पीएचडी आहे रसायनशास्त्रातली! संस्थेची धुरा पुढे सांभाळणाऱ्या डॉ. रुक्मिणी बॅनर्जी यांनी शिकागो विद्यापीठातून पीएचडी केली. दोघंही कॉलेजच्या वर्गाबाहेर पडले आणि देशभरातल्या वर्गांबद्दल बोलता येईल असे आकडे उभे केले. त्या आकड्यांवर आपले मतभेद असू शकतात, माझेही काही आहेत. पण देशाच्या आर्थिक पाहणी अहवालापर्यंत त्यांची दखल घेतली गेली, हे खरं आहे.

नोकऱ्या कुठे कुठे असतात?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सोयीसाठी पाच गट करते. उदाहरणं मुद्दाम मुंबई-महाराष्ट्रातली घेतली आहेत, म्हणजे मुलांना ती जवळची वाटतील.

१) सरकारी संशोधन संस्था आणि मंडळं : आपल्या शेजारचीच संस्था घ्या. यारी रोडजवळ पंच मार्गावर केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था आहे. १९६१ साली सुरू झालेली ही संस्था १९७९ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इथे मत्स्यशास्त्रात एम.एफ.एस्सी. आणि पीएचडी करता येते. गंमत म्हणजे त्यात फक्त मासे नाहीत. मत्स्य अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण आणि सांख्यिकी हेही विषय आहेत. म्हणजे माशाचा भाव कसा ठरतो, योजना बोटीवरच्या माणसापर्यंत का पोहोचत नाही, यावरही डॉक्टरेट होते. अशा पदवीनंतर कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांमध्ये शास्त्रज्ञ होता येतं. हैदराबादचं राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळ, कोचीचं सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्था, राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग यांच्याही कामाशी या शिक्षणाचा थेट संबंध आहे. वर्सोव्यातली किती मुलं या संस्थेच्या फाटकावरून रोज जातात! आत काय चालतं, हे त्यातल्या किती जणांना माहीत असतं?

२) बँका आणि वित्तसंस्था : रिझर्व्ह बँकेत आर्थिक आणि धोरण संशोधनाचा स्वतंत्र विभाग आहे. महागाई का वाढली, राज्यांवर कर्ज किती, याचा अभ्यास तिथले अधिकारी करतात. या विभागाच्या 'ग्रेड बी' पदासाठी मूळ पात्रता पदव्युत्तर पदवीची असते. वयोमर्यादा साधारण ३० वर्षं, पण पीएचडी असेल तर ती ३४ पर्यंत वाढते. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या नाबार्डमध्येही ग्रामीण अर्थव्यवस्थेवर संशोधन चालतं.

३) सर्वेक्षण आणि आकडेवारीचं काम : देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ पासून काम करते आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जबाबदारी तिच्याकडे असते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे ६.३७ लाख घरांची माहिती घेतली गेली. मुलांचं कुपोषण, लसीकरण, बायकांमधलं रक्ताचं प्रमाण, या सगळ्याचे आकडे तिथून येतात आणि पोषण आहारापासून आरोग्य योजनांपर्यंतच्या चर्चेत वापरले जातात. प्रश्नावली बनवणं, नमुना निवडणं, आकडे तपासणं, अहवाल लिहिणं, या प्रत्येक टप्प्यावर प्रशिक्षित माणूस लागतो.

४) स्वयंसेवी आणि स्वतंत्र अभ्यास संस्था : पुण्याची 'प्रयास' वीज आणि आरोग्य या विषयांवर काम करते. पुण्याचीच 'सोपेकॉम' पाण्याच्या न्याय्य वाटपावर अभ्यास करते. मुंबईची 'सेहत' आरोग्यसेवा आणि स्त्रियांवरील हिंसा यावर संशोधन करते. 'प्रजा फाउंडेशन' महापालिकेच्या कारभाराचे अहवाल काढतं, त्यात पालिका शाळांचाही अहवाल असतो. मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ साली जाहीर झाला, तेव्हा महापालिकेबरोबर 'डब्ल्यूआरआय इंडिया' ही अभ्यास संस्था होती. अशा ठिकाणी वेगवेगळ्या विषयांचे लोक एकत्र बसतात. भूगोलवाला, कायदेवाली, अर्थशास्त्रवाला, जीवशास्त्रवाली.

५) शासनाबरोबर सल्लागार म्हणून आणि आंतरराष्ट्रीय संस्था : केंद्रात नीती आयोग आहे (२०१५), राज्यात 'मित्र' ही संस्था आहे (२०२२). तिथे कराराने तज्ज्ञ घेतले जातात. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, जागतिक बँक, मलेशियात मुख्यालय असलेली 'वर्ल्डफिश', चेन्नईचा बंगालच्या उपसागराचा आंतरशासकीय कार्यक्रम, इथेही संशोधकांना काम असतं. खाजगी सल्लागार कंपन्याही शासकीय प्रकल्पांसाठी अभ्यासक नेमतात.

पीएचडीत मिळतं काय आणि बाहेरून शिकावं लागतं काय?

पीएचडीने माणसाला एक मोठी गोष्ट मिळते. एका प्रश्नाला वर्षानुवर्षं चिकटून राहण्याची सवय. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, आकडा कुठून आला ते विचारायचं, आपल्या मताविरुद्धचा पुरावाही मांडायचा. ही शिस्त धोरणाच्या कामात सोन्यासारखी आहे.

पण काही गोष्टी मुद्दाम शिकाव्या लागतात. पीएचडी चालू असतानाच त्यांची सुरुवात केलेली बरी.

पहिली, थोडक्यात लिहिणं. तीनशे पानांचं सार दोन पानांत आणि दोन पानांचं सार पाच ओळींत सांगता आलं पाहिजे.

दुसरी, मराठीत लिहिणं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या राज्याचा कारभार मराठीत चालतो. शासन निर्णय मराठीत निघतात, ग्रामसभा मराठीत होते, मच्छीमार सोसायटीची बैठक मराठीत होते. इंग्रजीत उत्तम शोधनिबंध लिहिणाऱ्याला तोच मुद्दा सोसायटीच्या बैठकीत मराठीत समजावता आला नाही, तर अर्धं काम अडतं. आपल्या मुलांकडे ही भाषा घरातूनच आलेली आहे. मराठी माध्यमात शिकलो म्हणून कमीपणा वाटून घेणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा.

तिसरी, आकडेवारी हाताळणं. संख्याशास्त्र, संगणकावर माहितीचं विश्लेषण, नकाशे बनवणं. इतिहास किंवा समाजशास्त्र घेतलेल्यांनीही एवढं शिकून घ्यावं.

चौथी, शासन कसं चालतं ते समजून घेणं. कायदा, नियम, अधिसूचना आणि शासन निर्णय यांत फरक काय? अर्थसंकल्पात एखादी तरतूद शोधायची कशी? माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा? हे प्रबंधाच्या अभ्यासक्रमात नसतं.

पाचवी, वेगळ्या विचाराच्या माणसांबरोबर काम करणं. प्रबंधावर एकट्याचं नाव असतं, धोरणाच्या अहवालावर दहा जणांचं. कधी आपलं नावही नसतं.

आता खिशाचं बोलू

पालकांना खरी काळजी इथेच असते आणि ती योग्य आहे. म्हणून गोड गोड न बोलता सांगते.

पीएचडीला नियमाप्रमाणे किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं लागतात. या काळात पाठ्यवृत्ती मिळाली तर घर चालतं. नेट-जेआरएफ मिळवणाऱ्याला २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्याही पाठ्यवृत्त्या आहेत. पण पाठ्यवृत्ती हातात येईपर्यंत कधी कधी वाट बघावी लागते. म्हणून घरात सहा महिने तरी निभतील एवढी तजवीज हवी. पाठ्यवृत्ती नसताना, घरावर कर्ज असताना, फक्त 'नावापुढे डॉक्टर लागेल' म्हणून पीएचडीला बसवू नका.

दुसरं, धोरण संशोधनातल्या पुष्कळ नोकऱ्या प्रकल्पाच्या असतात. प्रकल्प दोन-तीन वर्षांचा. निधी संपला की नवा प्रकल्प शोधायचा. सरकारी नोकरीची खात्री इथे सगळीकडे नाही.

तिसरं, प्रत्येक जागेला पीएचडी लागतच नाही. अनेक ठिकाणी पदव्युत्तर पदवी आणि अनुभव पुरतो. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा पदव्युत्तर पदवीवर देता येते आणि तिची वयोमर्यादा साधारणपणे ३० आहे (आरक्षित गटांना सवलत असते). म्हणजे आधी पीएचडी पूर्ण करू आणि मग ती परीक्षा देऊ, असं ठरवलं तर वय निघून जाऊ शकतं. कोणत्या जागेला काय लागतं, हे आधी पाहायचं आणि मग पाच वर्षांचा निर्णय घ्यायचा. ज्याला एका प्रश्नाच्या मुळापर्यंत जायची खरोखर ओढ आहे, त्याने पीएचडी करावी. फक्त नोकरीचं दार म्हणून पाहिलं, तर त्यापेक्षा जवळची दारं आहेत.

मी त्या आईला हेच सांगितलं. आणि मुलीला तीन प्रश्न विचारायला सांगितलं : पाठ्यवृत्तीचं काय? तुझ्या मार्गदर्शकांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे काम करतात? आणि तुझ्या विषयाचा निर्णय कोणत्या कार्यालयात होतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याला माहीत आहे, त्याला आपल्या प्रबंधाचा बाहेर कुठे उपयोग होईल हेही कळायला लागतं.

पण मग आपल्या मुलांनी यात यायचंच कशाला?

कारण निर्णय होतातच. आपली मुलं तिथे असोत वा नसोत.

कोळीवाड्याची हद्द कुठपर्यंत धरायची, मासळी सुकवण्याची जागा 'मोकळी जमीन' मानायची की कामाची जागा, सागरी सेतूसाठी समुद्रात खांब उभे राहताना बोटींच्या वाटेचं काय, पावसाळी मासेमारी बंदीच्या ६१ दिवसांत घर कसं चालायचं, हे सगळे धोरणाचे प्रश्न आहेत. त्यांवर कुणीतरी अहवाल लिहितं. लिहिणाऱ्याला दालदी आणि डोल यांतला फरक माहीत नसेल, मासे विकणारी बाई पहाटे किती वाजता घर सोडते हे माहीत नसेल, तर तेवढी जागा अहवालात कोरी राहते. सर्वेक्षणात 'मच्छीमार' म्हणून बोटीवरच्या पुरुषाची नोंद होते आणि निवडणं, सुकवणं, विकणं करणारी बाई 'गृहिणी' होऊन जाते, हे घरातल्या मुलीच्या लगेच लक्षात येईल. बाहेरच्याच्या येईलच असं नाही.

याचा अर्थ बाहेरच्याने अभ्यास करू नये, असा मुळीच नाही. आणि घरचा माणूस नेहमी बरोबरच असतो, असंही नाही. उलट घरच्या माणसाला आपल्याच लोकांना न आवडणारा आकडा सांगण्याचं धैर्य ठेवावं लागतं. पिल्लं आपल्याच बोटींच्या जाळ्यात येत असतील, तर तेही लिहावं लागतं. पण धक्का आणि सांख्यिकी, दोन्ही कळणारी माणसं तयार झाली, तर नियम जास्त नीट होतील आणि लोकांना जास्त पटतील.

आपण शाळेत काय करू शकतो?

पीएचडी खूप लांबची गोष्ट आहे. पण प्रश्न विचारून, मोजून, नोंद करून, मग बोलायची सवय चौथीतही लावता येते. परिसर अभ्यास आणि गणित यांना जोडून घेता येईल असा एक साधा उपक्रम देते.

- मुलांना १३५ मिलिमीटर आणि १८० मिलिमीटर लांबीच्या कागदी पट्ट्या कापायला सांगा. १३५ मिलिमीटर म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर, हे रूपांतर त्यांनीच करावं.
- पालकांसोबत बाजारात गेल्यावर परवानगी घेऊन पाच पापलेट किंवा पाच बोंबील मोजावेत. विकणाऱ्या मावशींना पकडायला आलोय असं वाटता कामा नये. नाव, जागा काही लिहायचं नाही, फक्त लांबी लिहायची.
- वर्गात सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून चित्रालेख काढा. मापापेक्षा लहान किती, मोठे किती?
- मग विचारा : "पाचच मासे मोजून आपण सगळ्या बाजाराबद्दल बोलू शकतो का?" नमुना म्हणजे काय, ते इथे मुलांना आपोआप कळतं.
- शेवटी प्रत्येक गटाने मत्स्यव्यवसाय विभागाला उद्देशून पाच ओळी लिहाव्यात. एक ओळ प्रश्नाची, दोन पुराव्याच्या, एक उपायाची आणि एक ओळ 'या उपायाने कुणाला त्रास होईल' याची.

जिथे मासळी बाजार नाही, तिथे पाण्याची टाकी, वर्गातला आवाज, शाळेसमोरची वाहतूक किंवा पोषण आहारात उरणारं अन्न यावर हाच उपक्रम करता येईल. शेवटची ओळ मात्र गाळू नका. मुलं ती लिहायला सर्वात जास्त वेळ घेतात आणि वर्गातली चर्चाही तिथेच रंगते.

पालकांसाठी एवढंच. मूल संशोधनाचं बोललं तर 'पगार किती' हा प्रश्न जरूर विचारा, तो विचारायलाच हवा. पण त्याच्याबरोबर 'तुझा प्रश्न कोणता' हेही विचारा. आणि ते काय उत्तर देतं, ते पूर्ण ऐकून घ्या.

तुमच्या शाळेत हा उपक्रम केलात, तर मुलांच्या त्या पाच ओळी मला नक्की कळवा. वाचायला आवडतील.